फिरती क्विझ कोल्हापुरात: प्रश्न कसले असावेत आणि कोण कोण येणार?

तिकटीवरचा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतो. आपल्याकडं क्विझ म्हटली की हॉल, खुर्च्या, मध्येच बंद पडणारा माईक, आणि प्रश्न कसले तर अमुक देशाची राजधानी आणि तमुक कलमात काय. स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, पहिले तिन्ही नंबर घेऊन जातात, बाकीच्यांनी बिस्किटं खाऊन टाळ्या वाजवायच्या. पोरांचं काय चुकत नाही, पाठ केलंय त्यांनी, पण यात मजा काय सांगा की.

माझं म्हणणं क्विझ चालत करूया. चौघांची टीम, रविवारी सकाळी सातला बिनखांबी गणेश मंदिरापाशी जमायचं, हातात एक कागद, त्यावर आठ प्रश्न, पायी फिरून उत्तरं आणायची आणि मग मिसळ खात खात निकाल. गाडी नाही, रिक्षा नाही, फोन नाही. एन्ट्री फी म्हणजे ज्याच्या त्याच्या मिसळीचे पैसे.

नमुन्याला चार सोडतो. बिंदू चौकात दोन पुतळे आहेत, कुणाचे, आणि त्यातला एक बसवला तेव्हा काय विशेष होतं? युरोपातल्या एका शहरात कोल्हापूरच्या महाराजांची छत्री आहे आणि शेजारच्या पुलाला पण त्यांच्यावरनंच नाव पडलंय, शहर कुठलं? टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये एक ग्रीक देव आहे, तो कोण आणि इथं काय करतोय? शेवटचा जरा डोक्याचा, अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो, नोव्हेंबरात पण होतो आणि जानेवारी संपता संपता पण, असं दोनदा का?

उत्तरं इथंच टाका, हे खऱ्या क्विझला घेणार नाही.

सातवी गल्ली:
मी येतो रे! नणंदेला पण आणतो, तिला असलं लई आवडतंय. पोरं चालतील का? माझा सहावीतला आहे, तो घरी राहणार नाही आणि सोबत आला तर पाच मिनिटाला एक प्रश्न तोच विचारणार.

बिंदू चौकाचं सोपं आहे, महात्मा फुले आणि बाबासाहेब. विशेष काय ते मात्र ऐकलेलं पण आठवत नाही.

पेन्शनर पेठकर:
ताई, बाबासाहेबांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० ला बसला, म्हणजे ते स्वतः हयात असताना. भाई माधवराव बागलांचा पुढाकार होता. आज तिथनं रोज हजारो माणसं जातात, सिग्नल सुटायची वाट बघत त्या पुतळ्यासमोरच उभी असतात आणि हे किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. तिथंच जुन्या कोटाचा तट आहे, तोही कुणी मान वर करून बघत नाही.

तिकटीवरचा, कल्पना झकास आहे. माझ्याकडनं एक प्रश्न घ्या. शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर मुद्दाम गाडी थांबवून कुणाच्या हॉटेलात चहा प्यायचे आणि का? उत्तर गंगाराम कांबळे, हॉटेल सत्यसुधारक. अस्पृश्य म्हणून त्यांच्याकडं चहाला कुणी येईना, तर महाराज स्वतः गेले आणि सोबतच्या मोठमोठ्या मंडळींना पण प्यायला लावला. हा प्रश्न हॉलमध्ये बसून विचारायचा नाही, भाऊसिंगजी रोडवर चहा हातात असताना विचारायचा.

आर्नोकाठचा:
युरोपचा माझ्याकडं आला! इटलीत नोकरीला आहे, मूळचा शाहूपुरीचा. शहर फ्लॉरेन्स. दुसरे राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते, परत येताना इथं आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय किती, तर वीस. दहन नदीच्या संगमावर करायचं म्हणून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात ती जागा निवडली, आणि त्याच जागी १८७४ मध्ये घुमटाची छत्री उभारून आत महाराजांचा अर्धपुतळा बसवला. कॅशिने नावाचं लांबलचक उद्यान आहे, त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. इथली माणसं त्या भागालाच ‘इंडियानो’ म्हणतात, पुलाचं नाव पण तेच. सायकलवाले येऊन बसतात, पाणी पितात आणि जातात, बाकी फार कुणाला माहिती नाही. आपण कोल्हापूरचं म्हटल्यावर तिथं जरा वेगळं वाटतंच, वीस वर्षाचं पोरगं हो.

आता यातला खरा प्रश्न सांगतो. ही छत्री डिझाईन केली मेजर चार्ल्स मँट यांनी. याच मँटनी कोल्हापुरात काय काय बांधलं?

तिकटीवरचा:
आर्नोकाठचा, नाद खुळा! टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस. न्यू पॅलेस पुरा झाला १८८४ ला, मँट त्याआधीच १८८१ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी तो पूर्ण झालेला बघितलाच नाही. बडोद्याचा लक्ष्मी विलास पण त्यांचाच. एक अख्खी फेरी यावर होते की, मँट फेरी. टाऊन हॉलपासनं न्यू पॅलेसपर्यंत चालत जायचं आणि दोन्हीकडं सारखं काय काय दिसतंय ते शोधायचं, कमानी, घुमट, दगडातलं नक्षीकाम. ज्याला जास्त सापडेल त्याला जास्त मार्क.

फुलेवाडीकर:
सगळं छान चाललंय पण एक सांगू का, राग मानू नका. बिंदू चौक, फ्लॉरेन्स, मँट, हे सगळं फोनवर दोन मिनिटात मिळतंय. फोन बंद म्हणता, पण आदल्या रात्री वाचून आला तर काय करणार? म्हणजे परत तीच पाठांतराची पोरं जिंकणार, फक्त घाम काढून. मग हॉल काय वाईट होता, पंखा तरी होता.

तिकटीवरचा:
मुद्दा आहे. मग तूच सांग कसं करायचं.

फुलेवाडीकर:
प्रश्न असा पाहिजे की जागेवर उभं राहिल्याशिवाय उत्तर मिळता कामा नये. बघायचं, मोजायचं, नाहीतर कुणाला तरी विचारायचं. ‘कधी बांधलं’ हा प्रश्न बाद. ‘इथं उभं राहून काय दिसतंय’ हा पास. एवढं जमलं तर मी येतो, नाहीतर रविवारी मला झोप आहे.

गुळाचा रवा:
+१ फुलेवाडीकर. ग्रीक देवावरनंच दाखवतो. तो पोसायडन, ब्राँझची छोटी मूर्ती, ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमाराला रोमन वस्तू सापडल्या त्यातली. पंचगंगेच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा त्याचा हा पुरावा. आता ‘तो कोण’ हे फोन सांगेल. पण प्रश्न असा करा की आत जाऊन त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहायचं, बाहेर यायचं आणि आठवणीनं त्याचं चित्र काढायचं. हात कुठं, पाय कसे, डोक्यावर काय. आदल्या रात्री कितीही वाचा, चित्र तर निघायला पाहिजे ना. आणि सातवी गल्ली यांचा सहावीतला आपल्या सगळ्यांना हरवणार बघा.

(आणि हो, सकाळी सातला म्युझियम कोण उघडतंय? ते मिसळीनंतर घ्या.)

सातवी गल्ली:
😂 तो आत्ताच वही घेऊन बसलाय. त्याला म्हटलं जागेवर जाऊन काढायचंय, तर म्हणतो प्रॅक्टिस करतोय. समुद्राचा देव आहे म्हटल्यावर खाली मासे पण काढलेत त्यानं.

खडू आणि डस्टर:
शाळेत विज्ञान शिकवतो त्यामुळं किरणोत्सवावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. देवळाचं तोंड पश्चिमेला. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही, उन्हाळ्यात वायव्येकडं सरकतो आणि थंडीत नैऋत्येकडं. महाद्वाराकडनं गाभाऱ्यापर्यंत जी सरळ रेघ जाते, त्या रेघेत मावळतीचा सूर्य यायला तो ठरावीक अंश दक्षिणेला गेलेला पाहिजे, साधारण १७ अंश. आता सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेला जातो आणि मग माघारी फिरतो, म्हणजे त्याच जागेवरनं तो दोनदा जाणार, एकदा जाताना आणि एकदा येताना. जाताना ९, १०, ११ नोव्हेंबर, येताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. डिसेंबरच्या त्या दिवसापासनं दोन्हीकडं मोजा, चाळीस-बेचाळीस दिवसच येतात.

आणि किरणं पायापासनं वर का चढतात? कारण सूर्य खाली उतरतोय. उन्हं जितकी आडवी होतील तितकी दारातनं आत लांबवर आणि उंच पोचतात. मध्ये कुणाचा मजला वाढला, फलक लागला, पत्रा आला की अडलंच, म्हणून दरवेळी अडथळ्यांची बातमी असते.

यावर जागेवरचा प्रश्न: फूटभर काठी उभी करायची, संध्याकाळी सावली कुठं पडते ती खडूनं मारायची, आठवड्यानं परत तिथंच मारायची. पोरांना हे एकदा दाखवलं की वर्षभर विसरत नाहीत.

तिकटीवरचा:
सर, नोव्हेंबरची फेरी तुमच्याकडं. नाही म्हणायचं नाही.

रंकाळाकाठ:
माझी एक भर. रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. प्रश्न: तळ्यापासनं नंदी आत्ता किती पावलांवर आहे? जागेवर जाऊनच मोजावं लागेल, फुलेवाडीकरांच्या नियमात बसतंय 😎

फुलेवाडीकर:
बसत नाही. तुमची पावलं आणि माझी पावलं सारखी आहेत का. आणि असल्या गोष्टी क्विझमध्ये आणल्या की भांडणं. अंबाबाईच्या देवळाचे खांब मोजता येत नाहीत म्हणतात, उद्या तो पण प्रश्न टाकाल, मग बरोबर उत्तर काय देणार, ‘मोजता आले नाहीत’?

रंकाळाकाठ:
अहो ते उत्तर तर सगळ्यात भारी आहे 😂 पूर्ण मार्क.

पेन्शनर पेठकर:
भांडू नका. आमच्या लहानपणी आजी रंकाळ्यावर नेऊन हीच गोष्ट सांगायची आणि आम्ही नंदीच्या पायाशी खडा ठेवून यायचो, उद्या बघू सरकला का म्हणून. दंतकथेची फेरी वेगळी ठेवा, प्रश्नाच्या आधी ‘सांगतात की’ असं लिहा म्हणजे झालं. खरं-खोटं करायचं नाही, गोष्ट पुरी कोण सांगतंय ते बघायचं. त्याला मार्क द्यायला मी बसतो.

खडू आणि डस्टर:
काकांना अनुमोदन. फक्त इतिहासाच्या प्रश्नात ‘सांगतात की’ नको. मागं एका मंडळाच्या क्विझला उत्तर चुकीचं छापलेलं होतं, आम्ही पुस्तक दाखवलं तरी क्विझमास्तर म्हणतो कागदावर आहे तेच धरणार. म्हणून नियम करा, प्रश्न काढणाऱ्यानं उत्तराचा पुरावा जागेवर बोट ठेवून दाखवायचा. पाटी, शिलालेख, नाहीतर वस्तू. दाखवता आला नाही तर प्रश्न रद्द.

रीळ नंबर तीन:
सिनेमावाले कुठं गेले? खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ घ्या की राव. बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला तेव्हा बाहेरनं मशीन आणायचे पैसे कुणाकडं होते. प्रभात कंपनी इथंच १ जून १९२९ ला सुरू झाली, १९३२ चा पहिला मराठी बोलपट इथंच शूट झाला, पुण्याला गेली ती १९३३ ला. पुणेकरांना सांगितलं की तोंड बघण्यासारखं होतं. माझा प्रश्न: स्तंभाजवळच्या पाच दुकानदारांना विचारा की हा कॅमेरा कुणाचा, आणि त्यांनी काय काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहून आणा. बरोबर उत्तराला मार्क नाहीत, सगळ्यात रंगतदार उत्तराला आहेत.

दक्षिण स्टँड:
फुटबॉलची फेरी पायजे. शाहू स्टेडियम नाही तर कोल्हापूर कसलं.

गुळाचा रवा:
भावा, फुटबॉल नको. पाटाकडील संघाचा प्रश्न आधी घेतला की शिवाजीवाले उठणार, शिवाजीचा घेतला की खंडोबावाले विचारणार आमचा कुठाय. मिसळीच्या रश्श्यात पोहून घरी जावं लागंल.

दक्षिण स्टँड:
बरं मग कुस्ती. खासबाग मैदान १९१२ चं. आणि मागं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ ला जळलं ते. ८ तारखेला रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो, नाटकातली आणि नाटक कधी न बघितलेली माणसं एकत्रच रडत होती. तिथं प्रश्न नको, थांबून पुढं जाऊ.

ऑलिंपिकचा घ्या त्यापेक्षा. महाराष्ट्राची वैयक्तिक ऑलिंपिक पदकं दोन, मध्ये ७२ वर्षांचं अंतर, दोन्हींचा कोल्हापूरशी संबंध काय?

सातवी गल्ली:
स्वप्नील कुसाळे! कांबळवाडी, राधानगरी तालुका, पॅरिस २०२४, नेमबाजी. पहिलं खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, गाव कराडजवळचं पण राजाराम कॉलेजला शिकायला होते. त्यांना परदेशी पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलेलं. हे मला सासऱ्यांनी लग्न ठरलं तेव्हा सांगितलेलं, का सांगितलं कुणास ठाऊक, पण लक्षात राहिलं.

आर्नोकाठचा:
लांबून बघणाऱ्यानं तोंड घालतो, पण नुसतं शहरच का? खिद्रापूर घ्या. कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आकाश, खाली तेवढीच गोल शिळा, भोवती ४८ खांब. खाली गजपट्ट आहे, त्यातले हत्ती मोजायला लावा. दोन टीमचा आकडा जुळला तर मला सांगा.

पेन्शनर पेठकर:
खिद्रापूरला सगळ्यात सुंदर प्रश्न वेगळाच आहे. शंकराचं देऊळ, मग नंदी कुठाय? गाभाऱ्यासमोर नाही, आवारात नाही. सांगतात की तो कृष्णेपलीकडं यडूरला आहे, कर्नाटकात. म्हणजे उत्तर शोधायला राज्याची हद्द ओलांडायची. पण आत्ता जुलैत तिकडं जायचं नाव काढू नका, नदीचा भरवसा नाही. कार्तिक पौर्णिमेला जाऊ, चंद्र त्या गोल झरोक्याच्या वर येतो ते पण बघायला मिळेल.

तिकटीवरचा:
ठरलं, कार्तिकात खिद्रापूर, गाड्या शेअर करून. पहिली फेरी मात्र शहरातच आणि पुढच्या रविवारीच. पाऊस असला तरी छत्री घेऊन. पंचगंगेकडचा भाग पाणी बघून ठरवू, घाटावर पाणी असलं तर ब्रह्मपुरी पुढं ढकलायची, कुणी हिरोगिरी करायची नाही.

फोनचं असं करूया, प्रत्येक टीमचे फोन एका कापडी पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या टीमच्या गळ्यात. तातडीचा कॉल आला तर तेच उचलून सांगतील.

बक्षीस एक किलोचा गुळाचा रवा, आमच्या या सदस्याचा नाही, खाण्याचा.

गुळाचा रवा:
🙄

रंकाळाकाठ:
बरोबरी झाली तर? गूळ फोडून वाटायचा का?

खडू आणि डस्टर:
बरोबरीला आकड्याचा प्रश्न ठेवायचा, जो सगळ्यात जवळ तो जिंकला. माझ्याकडं एक आहे. ‘आज सकाळी सातला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी किती फूट किती इंच?’ रोज बदलते म्हणून पाठ करता येत नाही, आणि जुलैत हा आकडा माहिती नाही असा कोल्हापूरकर नसतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे तर पोरांना पाढ्याआधी येतं. निघताना सगळ्यांनी अंदाज चिठ्ठीवर लिहून काकांकडं द्यायचा, अधिकृत आकडा आला की उघडायचं.

पेन्शनर पेठकर:
हे फारच छान. यात राधानगरी धरणाचं पण गणित आलं. स्वयंचलित दरवाजे आहेत, सात, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. आदल्या दिवशी किती उघडले, ते पाणी इथं पोचायला किती वेळ, गगनबावड्याला पाऊस किती, एवढं धरून अंदाज बांधणारी माणसं प्रत्येक पेठेत आहेत. त्यांना कुणी क्विझला बोलावलंच नव्हतं इतके दिवस.

फुलेवाडीकर:
हा प्रश्न पास. आता मी येतो. आणि शहरातले जागेवरचे प्रश्न मी काढतो, तिकटीवरच्याला फक्त इतिहास सुचतोय. पहिला घ्या: शिवाजी पुलाच्या दगडी कमानी किती? पूल ओलांडून उत्तर द्यायचं नाही, बाजूनं सुरक्षित जागेवरनं बघून मोजायच्या. दुसरा: निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती आणि बिनखांबी गणेश, या तिन्ही ठिकाणांना सगळ्यात कमी वळणं घेऊन जोडणारा रस्ता हातानं काढा. मुख्य रस्ते चालतील, पण बोळातनं गेलात तर जादा मार्क. तिसरा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, तो तिथंच सांगणार.

सातवी गल्ली:
तिसऱ्यात म्हशीची धार काढायला लावू नका म्हणजे झालं.

फुलेवाडीकर:
बघू की.

तिकटीवरचा:
तर आत्तापर्यंत सातवी गल्ली, नणंद आणि सहावीतला, पेठकर काका परीक्षक, सर, रीळ, स्टँड, रवा, रंकाळाकाठ आणि फुलेवाडीकर. आर्नोकाठचा यांनी तिकडनं प्रश्न पाठवत राहायचं. अजून एक टीम होईल एवढी माणसं पाहिजेत, ओळखीत असतील तर आणा, कोल्हापूरचंच असलं पाहिजे असं नाही, नवीन राहायला आलेल्यांना तर मुद्दाम आणा, ते जास्त बघतात.

दक्षिण स्टँड:
माझी चिठ्ठी आत्ताच लिहून घ्या काका. ३७ फूट ४ इंच.

पेन्शनर पेठकर:
रविवारची चिठ्ठी रविवारी. आणि हातानं लिहून आणायची, इथं टाकलेली धरणार नाही, सगळ्यांनी वाचली ती.